नवरा म्हणतो रिवाइल्डिंग, सासूबाई म्हणतात उकिरडा

पत्र जरा लांब होतं, महत्त्वाचा भाग देतेय:

"ताई नमस्कार, साताऱ्यात आमचा छोटा बंगला आहे, तीन गुंठ्यांचा प्लॉट, घर सोडून साधारण दीड गुंठा मोकळा. इतकी वर्षं पुढे लॉन, कंपाउंडच्या कडेने क्रोटन आणि फायकसची कापून ठेवलेली झुडपं, मागे दोन नारळ, एक लिंबू, एक कढीपत्ता. यंदा मे महिन्यात मिस्टरांनी यूट्यूबवर इंग्लंडमधल्या कुठल्यातरी जागेचे व्हिडिओ बघितले आणि जाहीर केलं की आता आपण रिवाइल्डिंग करायचं, बागेला हात लावायचा नाही, निसर्ग बघून घेईल. माळीदादांना सुट्टी दिली. जूनपासून कोणी काही कापलेलं नाही. आता कमरेएवढं रान झालंय, पांढऱ्या बारीक फुलांचं गवत सगळीकडे, माझे हात सारखे खाजतात, शेजारचे काका म्हणतात तुमच्यामुळे साप आणि डास वाढले. सासूबाई रोज सकाळी गुपचूप खुरपं घेऊन एक कोपरा साफ करतात आणि संध्याकाळी मायलेकांची भांडणं. फुलपाखरं मलाही आवडतात हो, पण हे निसर्गासाठी चाललंय की आळशीपणाला इंग्रजी नाव दिलंय? गणपतीत पाहुणे येणारेत, त्याआधी काय करू ते सांगा. — रानात हरवलेली, सातारा"

ताई, आधी तुमच्या हातांचं बघू, बाकीचं मग. ते पांढऱ्या बारीक फुलांचं, गाजराच्या पाल्यासारखी पानं असलेलं जे आहे ना ते बहुतेक गाजर गवत आहे, काही लोक काँग्रेस गवत म्हणतात. त्याच्यामुळे बऱ्याच लोकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, आणि परागकणांनी शिंका आणि दमा पण उसळतो. तेव्हा तुम्ही स्वतः त्याला उघड्या हातांनी अजिबात धरू नका आणि खाज थांबत नसेल तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, घरगुती लेप लावत बसू नका. सासूबाई खुरपं घेऊन त्याच्यात बसत असतील तर त्यांनाही हातमोजे द्या, घालणार नाहीत मला माहितीये, तरी द्या.

आणि मिस्टरांना हे वाचून दाखवा. गाजर गवत हा आपला निसर्ग नाहीच. ते मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्याकडे पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नजरेत भरलं, बाहेरून आलेल्या धान्याबरोबर बी आलं असं मानतात, आणि मग देशभर पसरलं. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, एकेका झाडाला हजारो बिया येतात, आणि जिथे ते वाढतं तिथे दुसऱ्या रोपांना धड उगवू देत नाही. म्हणजे तुम्ही "निसर्गाला जागा" म्हणून जे दीड गुंठा मोकळं सोडलं त्यावर पहिल्याच पावसात त्यानेच कब्जा केला, फुलपाखरं आणि पक्षी वाट बघत कंपाउंडच्या बाहेरच राहिले.

आता त्या इंग्लंडच्या व्हिडिओबद्दल. मिस्टरांनी जे बघितलं ते बहुतेक ससेक्समधलं नेप असणार, रिवाइल्डिंग म्हटलं की सगळे तीच जागा दाखवतात. साडेतीन हजार एकरची इस्टेट आहे ती. आणि तिथे कोणी हात लावत नाही हे खरं नाही, त्यांनी तिथे मुद्दाम जुन्या जातीच्या गाई, घोडी, डुकरं, हरणं सोडलेली आहेत, ती चरतात, माती उकरतात, झुडपं मोडतात, आणि जनावरं जास्त झाली की माणसं संख्या कमी पण करतात. म्हणजे गवत खाणारं, तुडवणारं कोणीतरी तिथे आहे. तुमच्या दीड गुंठ्यात कोण आहे? मिस्टर तर नक्कीच चरत नसणार. तेव्हा तिथे गाईचं काम विळ्याला आणि डुकराचं काम खुरप्याला करावं लागणार, आणि खरं सांगते पहिली दोन वर्षं लॉनपेक्षा जास्त काम आहे, नंतर कमी होतं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर, मिस्टरांचा हेतू चांगला आहे आणि पद्धत आळशी आहे, दोन्ही खरं.

दुसरं एक कारण आहे ज्यामुळे आपल्याकडे बाग नुसती सोडून भागत नाही. बंगल्याच्या प्लॉटवर बहुतेक वेळा भरावाची माती टाकलेली असते, वर लॉनचे तुकडे आणून अंथरलेले, इतकी वर्षं तणनाशक मारलेलं, मग त्या मातीत आपल्या माळावरच्या गवताचं, रानफुलांचं बी राहिलंय कुठे? जे बी आहे ते रस्त्याकडेचं. अशी जागा दहा वर्षं सोडा, तुम्हाला गाजर गवत, घाणेरी आणि सुबाभूळ मिळेल, तिन्ही परदेशी. घाणेरीवर फुलपाखरं बसतात हे खरंय, मध पितात, लोक मला फोटो पाठवतात की बघा किती उपयोगी झाड आहे, पण आपल्या फुलपाखरांच्या अळ्या घाणेरी खात नाहीत आणि एकदा जाळी झाली की खाली दुसरं काही उगवत नाही.

अळ्या हा शब्द आला म्हणून इथेच सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. फुलपाखराला मध काय, सदाफुली, कॉसमॉस, काहीही चालतं. अंडी मात्र ते ठरावीक झाडावरच घालतं, अळीला तेच पान लागतं. ते झाड तुमच्या बागेत नसेल तर फुलपाखरू येईल, पिऊन जाईल, राहणार नाही. आणि गंमत म्हणजे तुमच्याकडे दोन सगळ्यात चांगली झाडं आधीच आहेत, लिंबू आणि कढीपत्ता. राणी पाकोळी, म्हणजे ते मोठ्ठं काळं-निळं ब्लू मॉर्मन, जे २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. त्याच्यापेक्षा लहान कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय तर कढीपत्त्यावर हमखास. छोटी अळी अगदी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसते, ती तिची युक्ती, मोठी झाली की हिरवीगार होते आणि काडीने डिवचलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. आत्ता जाऊन कढीपत्त्याची पानं उलटून बघा, पावसाळ्यात बहुतेक सापडतेच. माळीदादा आजवर याच अळ्यांवर औषध मारत होते. त्यामुळे माझा सल्ला असा की कढीपत्त्याची अजून दोन रोपं लावा, एक फोडणीसाठी आणि बाकीची त्यांना, म्हणजे सासूबाईंची पण तक्रार नाही.

आता सासूबाई. ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस त्या आहेत आणि तुम्ही त्यांना शेवटी टाकलंत. त्या कोपरा साफ करतात म्हणजे नक्की काय काढतात आणि काय ठेवतात ते एक दिवस शेजारी बसून बघा. मला जवळजवळ खात्री आहे की त्या आघाडा ठेवत असणार, दूर्वा ठेवत असणार, कारण गणपती आलेत. गणपतीच्या एकवीस पत्रींची यादी काढा बरं, दूर्वा, आघाडा, माका, बेल, शमी, रुई, धोत्रा, डोरली, बोर, विष्णुक्रांता, अर्जुन, पिंपळ, हादगा, ही सगळी इथलीच किंवा इथे शेकडो वर्षं रुळलेली झाडं (देवदार तेवढा सोडा, तो साताऱ्यात होणार नाही, पूजेच्या दुकानातून काय आणता ते देवच जाणे). मिस्टरांना ॲपवर फोटो काढून जी नावं शोधावी लागतात ती त्यांना लहानपणापासून पाठ आहेत. म्हणून मी असं सुचवते की बागेत काय राहणार आणि काय जाणार याचा शेवटचा शब्द सासूबाईंचा, मिस्टरांनी फक्त कुठल्या झाडावर कुठलं फुलपाखरू ते शोधून त्यांना सांगायचं, भांडण तिथेच अर्धं मिटेल.

काय ठेवायचं याची माझी यादी त्यांना सांगा, त्यात त्यांना काही खटकलं तर त्यांचं खरं. टाकळा ठेवायचा. श्रावणाच्या आधी कोवळा असताना त्याची भाजी होते, आता निबर झाला असेल, पण त्याच्यावर ती छोटी पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, भुईलगत भिरभिरतात ना ती, आणि मुख्य म्हणजे टाकळा दाट आला की गाजर गवताला दाबतो, कृषी विद्यापीठंसुद्धा हा उपाय सांगत आलीयत. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंगा वाळतील त्या गोळा करून ठेवा आणि पुढच्या वर्षी पहिल्या पावसाच्या आधी जिथे गाजर गवत उपटलं तिथे फेका. केना, घोळ, माका, भुईआवळी ही पण राहू दे, घोळीवर एका फुलपाखराच्या अळ्या वाढतात, त्याचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे गोल, आणि मादी मात्र प्लेन टायगर नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची हुबेहूब नक्कल करते. का, तर प्लेन टायगरची अळी रुई खाते, रुईचं विष अंगात साठवते, त्यामुळे पक्षी त्याच्या नादी लागत नाहीत, आणि ही बाई बिनविषारी असून तो ड्रेस घालून फिरते. रुई कंपाउंडच्या बाहेरच्या बाजूला कुठेतरी असेलच, मारुतीला लागते म्हणून कोणी तोडत नाही, नसेल तर एक लावा, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका एवढंच. तेरडा असेल तर राहू दे, छान दिसतो, पाहुण्यांना पण आवडेल.

गाजर गवत काढायची रीत सांगते, कारण बरेच लोक ते नुसतं कापतात आणि ते खालून परत फुटतं. पाऊस पडून गेला की माती ओली असताना मुळासकट उपटायचं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि घरात कोणाला दमा असेल तर त्याने त्या दिवशी बागेत यायचं नाही. फुलं आलेली झाडं कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत, पोत्यात भरून उन्हात पूर्ण वाळवून मग विल्हेवाट. तुमच्याकडे आत्ता फुललंय म्हणजे बी पडायला लागलंय, त्यामुळे गणपतीच्या आधीचं पहिलं काम हे. यंदा सगळं संपणार नाही, पुढच्या जूनमध्ये परत येईल, तेव्हा चार पानांचं असताना काढायचं, ते सोपं. आणि त्याच्यावर पांढुरक्या पाठीचे, काळसर नागमोडी रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका, ते मेक्सिकोतून मुद्दाम आणलेत, १९८४ मध्ये बेंगळुरूत सोडले होते, ते गाजर गवताचीच पानं खातात.

माळीदादांकडे तणनाशकाची बाटली असेल ती मात्र या बागेत आता नको, आणि कीटकनाशक पण नको. किडे मारायचे आणि पक्षी बोलवायचे हे दोन्ही एकदम जमत नाही. चिमणी स्वतः दाणे खाते पण पिल्लांना सुरुवातीला किडे आणि अळ्याच भरवते, अळ्या नसतील तर पिल्लं जगत नाहीत. जास्वंदीला पांढरा मावा, ढेकण्या आल्या तर पाण्याचा जोराचा फवारा मारा, चार दिवस थांबा, लेडीबर्ड येतात. गुलाबाच्या पानांना कडेने गोल गोल तुकडे कापलेले दिसले तर तो रोग नाही, एका जातीची मधमाशी ते तुकडे आपल्या घरट्याला नेते, नेऊ दे.

साप. शेजारच्या काकांना मी पूर्ण चूक म्हणणार नाही. बागेत बेडूक, पाली, सरडे, उंदीर वाढले तर साप येणार, येणार नाहीत असं कोणी सांगत असेल तर ते थाप मारतायत. जो येईल तो बऱ्याचदा धामण असेल नाहीतर दिवड, नाहीतर कवड्या, बिनविषारी सगळे, आणि धामण उंदरांसाठी तुमच्या पिंजऱ्यापेक्षा भारी. कुंडीखाली गांडुळासारखा बारीक काळसर वळवळतो तो वाळा, तोही साप, पण मुंग्या-वाळवीची अंडी खाऊन राहतो, लोक उगाच ठेचतात. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे पण आपल्याच भागातले आहेत, घोणस गवतात आणि पालापाचोळ्यात पडून असते, मण्यार रात्री घरात शिरते. म्हणून कमरेएवढं रान घराच्या भिंतीला टेकून हे चालणार नाही, हे आजच बदला. घराच्या चारी बाजूंनी पाच-सहा फूट पट्टा एकदम मोकळा, मुरूम टाकलेला, त्यात कुंड्या नाहीत, विटांचे ढीग नाहीत, लाकडं नाहीत, भिंतीवर चढणारा वेल खिडकीपर्यंत नाही. गेटपासून दारापर्यंत आणि नळापर्यंत, लिंबापर्यंत चालायची वाट तीन फूट रुंद कापलेली. मोऱ्यांच्या, ड्रेनेजच्या तोंडांना जाळी, दाराखालची फट बंद. रात्री बॅटरी आणि बूट, चप्पल नाही. कोंबड्या-कुत्र्याचं खाणं रात्री बाहेर पडलेलं नको, त्याच्यावर उंदीर आणि उंदरावर साप. पालापाचोळ्याचा, लाकडांचा ढीग हवाच, किड्यांना, बेडकांना, सापसुरळीला तोच लागतो, पण तो प्लॉटच्या लांबच्या टोकाला, आणि त्यात हात घालायचा नाही. साप दिसला तर काठी नको, वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, ते सर्पमित्राला पाठवतात, साप मारणं कायद्यानेही गुन्हा आहे. आणि देव न करो कोणाला चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक यातलं काही नाही, हात-पाय न हलवता १०८ आणि सरळ सरकारी दवाखाना, तिथे प्रतिसर्पविष असतं. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, मी मस्करी करत नाहीये.

डासांचं सोपंय. डास गवतात बसतात पण गवतात जन्मत नाहीत, साठलेल्या पाण्यात जन्मतात. डेंग्यूचा डास तर स्वच्छ पाण्यात, कुंडीखालच्या बशीत, नारळाच्या करवंटीत, टाकीच्या उघड्या झाकणात. काकांच्या गच्चीवरची टाकी पण एकदा बघून या, मैत्रीत. पक्ष्यांसाठी पाणी ठेवाच, मातीचं पसरट भांडं, बोटभर पाणी, मधे दोन दगड म्हणजे मधमाशा बुडत नाहीत, पण दर दोन दिवसांनी ओतून काथ्याने घासायचं, कारण अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. तळं करायचा विचार मिस्टरांच्या डोक्यात येईल, पहिली दोन वर्षं नाही म्हणा. आणि केलंच तर त्यात गप्पी मासे सोडायचे नाहीत, तेही परदेशी, बेडकांची अंडी-पिल्लं पण खातात.

झुडपांबद्दल. फायकस आणि क्रोटनची ती कापलेली कडा हळूहळू बदला, एकदम नाही, कारण पावसाळ्यात त्याच्यात बुलबुलाचं किंवा शिंपी पक्ष्याचं घरटं असू शकतं, आधी नीट बघा. दिवाळीनंतर अर्धी काढा, पुढच्या जूनमध्ये तिथे करवंद लावा, कोरांटी, निर्गुडी, अडुळसा, धायटी. करवंदाचं कुंपण काट्यांचं, कुत्री-मांजरं आत शिरत नाहीत म्हणून पक्षी निवांत घरटी करतात, आणि मे महिन्यात करवंदं, तुम्हाला मिळाली तर, कारण बुलबुल आधी उठतात. धायटी तर साताऱ्याच्या डोंगरांवर उन्हाळ्याच्या तोंडाला लालबुंद झालेली तुम्ही बघितलीच असेल, शिंजीर पक्षी तिच्यावर तुटून पडतात. शिंजीराचं घरटं कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं असतं, तेव्हा व्हरांड्यातली सगळी कोळिष्टकं झाडूने काढायचा सोस जरा कमी करा, गणपतीपुरती काढा, नंतर राहू दे. एखादं झाड हवं असेल तर बहावा लावा, एकच, पुढच्या कोपऱ्यात, त्याच्यावर पांढरट-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या इतक्या होतात की कधीकधी झाड अर्धं बोडकं दिसतं, घाबरायचं नाही, परत पालवी येते. वड, पिंपळ, उंबर मला प्रिय आहेत, पण दीड गुंठ्यात घराच्या पायाजवळ नको.

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत यातली बरीच रोपं स्वस्तात मिळतात, आधी तिथे विचारा. मोठ्या नर्सरीत "नेटिव्ह" म्हणून जे विकतात ते नेटिव्ह असतंच असं नाही, झाडाचं मराठी नाव विचारा, नाव माहीत नसेल तर बहुतेक वेळा झाडही इथलं नसतं.

दोन गोष्टी मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवते कारण पुढचे व्हिडिओ त्यांना हेच दिसणार. एक, मियावाकी. जपानी शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडच्या दाट जंगलासाठी काढलेली पद्धत, एका चौरस मीटरला तीन-चार रोपं. साताऱ्यापासून पूर्वेला माण-खटावकडे आपला मूळचा निसर्ग म्हणजे गवताळ माळ, मधे विखुरलेली झाडं, तिथे चंडोल, तित्तर, ससे, खोकड राहतात, त्यांना उघडी जागाच लागते. बागेत दाट जंगल कोंबण्याचा मला स्वतःला कंटाळा आहे, सगळी बाग अंधारी होते आणि उन्हातली फुलपाखरं निघून जातात. दोन, कासचं पठार. तिथून रोपं, कंद, माती काहीही आणायचं नाही. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणायला बंदी आहे हे झालंच, पण आणून जगणार पण नाही, ती फुलं जांभ्या दगडाच्या सड्यावर, बोटभर मातीत, पावसात डबडबलेली आणि उन्हाळ्यात भाजलेली अशी वाढतात, तुमच्या शेणखत घातलेल्या वाफ्यात ती कुजतील.

मग बाकीचं राहू दिलेलं गवत कधी कापायचं, तर वर्षातून एकदा, बी पिकून पडलं की, साधारण मार्गशीर्षात, डोंगरावरचे लोक गवत कापतात तेव्हाच. विळ्याने कापायचं, वीतभर खोड ठेवून, आणि एक कोपरा न कापता सोडायचा, त्या सुक्या काड्यांत किडे हिवाळा-उन्हाळा काढतात. सगळंच वाळलेलं उभं ठेवलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये एका ठिणगीचं काम, आपल्याकडे डोंगर कसे पेटतात ते तुम्ही दरवर्षी बघताच. कापलेलं गवत आणि पानं जाळायची नाहीत, झाडांच्या बुंध्याशी पसरा, उन्हाळ्यात पाणी निम्मं लागेल. थोडी जागा एकदम उघडी, उन्हातली, नुसती माती ठेवा, काही जातींच्या मधमाशा जमिनीत बिळं करून राहतात आणि चिमण्या धुळीत अंघोळ करतात.

दाण्यांचे फीडर लावू नका, पारवे आणि उंदीर येतील, दुसरं कोणी नाही. बागेतले ते रात्रभर जळणारे पांढरे एलईडी बंद करा, पतंग त्याच्याभोवती फिरून मरतात आणि काजवे असतील तर तेही जोडीदाराला दिसत नाहीत.

काकांची समजूत गवतावर लेक्चर देऊन पटणार नाही. त्यांच्या बाजूच्या कंपाउंडला लागून तीन फूट पट्टा अगदी स्वच्छ कापलेला ठेवा, दगडांची एक ओळ लावा, मधे वळणदार वाट. माणसाला कडा नीट दिसली की आतलं रान मुद्दाम केलंय हे कळतं, नाहीतर दुर्लक्ष वाटतं. पुढच्या लॉनचा एक चौकोन, बसायला, खुर्च्या टाकायला, तसाच ठेवा, सगळं काढायची गरज नाही, पाहुणे तिथे बसतील. आणि काकांना कढीपत्त्यावरची अळी एकदा दाखवा, नातवंडं असतील तर आणखी सोपं, बरणीत कढीपत्त्याची डहाळी आणि एक अळी द्या, वर कापड बांधून, रोज ताजी पानं, कोष झाला की साधारण दोन आठवड्यांत फुलपाखरू बाहेर येतं, मग सोडून द्यायचं.

राहिले माळीदादा. त्यांना परत बोलवा आणि पगार तोच ठेवा, फवारणीचं काम गेलं म्हणून पैसे कापू नका. त्यांचं काम आता गाजर गवत, वाटा, कडा, मार्गशीर्षातली कापणी आणि जूनची लागवड. दर दोन दिवसांनी पाण्याचं भांडं घासणं मात्र त्यांच्याकडे द्यायचं नाही, ते मिस्टरांचं.